थरार पाहुण्यांचा, जोखीम गावाची

पूर्वी काशीयात्रेला निघालेला माणूस घराबाहेर पडण्याआधी देण्याघेण्याचे हिशेब मिटवून जात असे. परत येऊच याची खात्री नसे. न आलो तर मागे राहिलेल्यांची आबाळ होऊ नये, एवढे तो पाही. जोखीम त्याची होती आणि तिचे भानही त्यालाच होते. आजचा प्रवासी हिशेब मिटवीत नाही, तो एका छापील कागदावर सही करतो. या सफरीत इजा होऊ शकते, प्रसंगी मृत्यूही ओढवू शकतो, हे मला ठाऊक आहे आणि त्याबद्दल मी कोणाला जबाबदार धरणार नाही, असा त्या कागदाचा मथितार्थ असतो. सही झाली की डोक्यावर हेल्मेट चढते आणि सफर सुरू होते.

जगभर ज्वालामुखींच्या प्रदेशात अशा सफरींना सध्या मोठी मागणी आहे. इंडोनेशियात मेरापी पर्वताच्या पायथ्याशी जीपगाड्या धावतात. २०१० साली याच मेरापीने साडेतीनशेच्या आसपास माणसांचे बळी घेतले होते; आज राखेखाली गेलेल्या वस्त्यांचे अवशेष हेच त्या सफरीतले प्रेक्षणीय स्थळ आहे. सिसिलीत एटनाच्या उतारांवर आणि आइसलँडमध्ये लाव्ह्याच्या माळांवर ‘क्वाड बाइक’ म्हणजे चार रुंद चाकांची मोटारसायकल भाड्याने मिळते. पुढे वाटाड्या, मागे पाहुण्यांची रांग, असा हा प्रकार असतो. वरवर पाहता ही हौसेची गोष्ट आहे आणि हौसेला मोल नसते. पण माझे आयुष्य बँकेत गेले. तिथे पहिली शिकलेली गोष्ट अशी की, जोखीम कधी नाहीशी होत नाही, ती फक्त हात बदलते. कर्जदाराने झटकली तर जामीनदारावर येते, जामीनदाराने झटकली तर बँकेवर आणि बँकेने झटकली तर ठेवीदारांवर. मग ज्वालामुखीवरच्या या सफरीतली जोखीम शेवटी कोणाच्या अंगावर जाते, हे तपासून पाहायला हवे.

वाट सोडायची नाही

२०२२ च्या जून महिन्यात मुलाच्या आग्रहाखातर आम्ही आइसलँडला गेलो होतो. रेक्याविक या राजधानीच्या नैर्ऋत्येला रेक्यानेस नावाचे द्वीपकल्प आहे आणि त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर ग्रिंडाविक हे कोळ्यांचे गाव. वस्ती जेमतेम पावणेचार हजारांची. बंदर, शाळा, चर्च, फुटबॉलचे मैदान आणि रंगीत पत्र्यांची घरे. तिथून आम्ही क्वाड बाइकवर निघालो. उजव्या अंगठ्याने खटका दाबला की गाडी पुढे जाते, सोडला की मंदावते. गाडीला चार चाके असल्यामुळे तोल सांभाळावा लागत नाही आणि त्यामुळेच नवख्याला फाजील आत्मविश्वास येतो. खरे तर ही वाहने उतारावर आणि तीव्र वळणावर उलटतात. वाटाड्या तरुण होता. त्याने गाडीविषयी पाच मिनिटे सांगितले आणि वाटेविषयी दहा. काही झाले तरी आखलेली वाट सोडायची नाही, हे त्याने तीनदा बजावले.

कारण तिथे पायाखाली जे दिसते ते दिसते तितके कणखर नाही. काळ्या, खडबडीत लाव्ह्यावर करड्या-हिरव्या शेवाळाची जाड गादी पसरलेली असते. ती तयार व्हायला शतके लागतात. तिच्यावरून एकदा चाक गेले की तो ओरखडा भरून यायला काही दशके जातात. म्हणूनच आइसलँडमध्ये रस्ता सोडून वाहन चालवणे हा कायद्याने गुन्हा आहे आणि त्याला जबर दंड आहे. जाहिरातीतल्या चित्रात क्वाड बाइक मोकळ्या माळावर उधळलेली दिसते. प्रत्यक्षात ती शाळेच्या सहलीसारखी एका ओळीत चालते. थोडक्यात काय, तर आपण पैसे मोजतो ते मोकाट सुटण्यासाठी आणि आपल्याला मिळते ती शिस्त. मला ती शिस्तच अधिक मोलाची वाटली. ती कुठून आली, हे समजून घ्यायचे तर त्या देशाचा थोडा इतिहास पाहावा लागेल.

आगीने शिकवलेला हिशेब

आइसलँडची लोकसंख्या आज सुमारे चार लाख, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. युरोप आणि अमेरिका खंडांची भूपट्टे या बेटाखाली वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर या गतीने एकमेकांपासून दूर सरकत आहेत आणि त्या फटीतून अधूनमधून आग वर येते. जून १७८३ मध्ये लाकी येथे जमीन उभी चिरली आणि आठ महिने लाव्हा वाहत राहिला. विषारी वायूंनी गवत नासले, गुरे-मेंढ्या मेल्या आणि पाठोपाठ आलेल्या दुष्काळात देशातला जवळजवळ प्रत्येक पाचवा माणूस दगावला. त्या वेळी जोखीम ज्याची त्याने सोसली.

दुसरी घटना २३ जानेवारी १९७३ ची. हेइमाय या छोट्या बेटावर मध्यरात्रीनंतर गावाच्या कडेला जमीन फाटली. आदल्या दिवशीच्या वादळामुळे मासेमारीच्या बोटी सुदैवाने बंदरातच होत्या. त्यांतून सुमारे पाच हजार तीनशे माणसे रातोरात मुख्य भूमीवर नेण्यात आली. पुढे बंदराचे तोंड बुजू नये म्हणून लाव्ह्यावर महिनोन् महिने समुद्राचे पाणी मारून तो थिजवण्यात आला. शेकडो घरे गेली, पण बंदर वाचले. या आपत्तीतून त्या देशाने एक शहाणपण घेतले. १९७५ पासून तिथे नैसर्गिक आपत्तीचा विमा सक्तीचा आहे. प्रत्येक इमारतीचा आगीचा विमा उतरवावाच लागतो आणि त्याला ज्वालामुखी, भूकंप, हिमलोट, दरडी व पूर यांचे संरक्षण जोडलेले असते. राजधानीतल्या भक्कम जमिनीवर राहणारा कारकूनसुद्धा दूरच्या कोळ्याच्या घरासाठी दरवर्षी काही पैसे भरतो. आपल्या गावगाड्यात एकाचे घर जळाले की गावाने वासे-पेंढा आणून द्यायची रीत होती. इथे सबंध देश हेच गाव झाले आहे, एवढेच.

या व्यवस्थेची परीक्षा लवकरच झाली आणि ती नेमकी आम्ही पाहिलेल्या ग्रिंडाविकमध्ये. रेक्यानेस द्वीपकल्प सुमारे आठशे वर्षे शांत होते. मार्च २०२१ मध्ये फाग्रादाल्सफ्याल येथे लाव्हा उसळला आणि हौशी लोकांची रीघ लागली, कारण तो वस्तीपासून दूर होता. १० नोव्हेंबर २०२३ रोजी मात्र शेकडो भूकंपांनी ग्रिंडाविक हादरू लागले. लाव्हारस गावाच्या खाली शिरल्याचे शास्त्रज्ञांच्या लक्षात आले आणि त्या रात्री सारे गाव रिकामे करण्यात आले. १४ जानेवारी २०२४ ला लाव्हा गावात शिरला आणि तीन घरे जळाली. त्याच्या चार दिवस आधी जमिनीतली भेग बुजवणारा एक कामगार त्या भेगेत पडून नाहीसा झाला. फेब्रुवारीत लाव्ह्याने गरम पाण्याची मुख्य वाहिनी तोडली आणि ऐन थंडीत वीस हजारांहून अधिक लोकांची घरे गारठली. डिसेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२५ या काळात या एका पट्ट्यात नऊ उद्रेक झाले.

यावर सरकारने काय केले, ते बँकवाल्याच्या नजरेने पाहण्यासारखे आहे. वीजकेंद्र आणि गाव यांच्याभोवती मातीचे बांध घालायचे ठरले. त्याचा खर्च भागवण्यासाठी देशातल्या सगळ्या इमारतींवर, त्यांच्या आगविम्याच्या मूल्याच्या ०.००८ टक्के इतका, तीन वर्षांपुरता कर बसवला. एक कोटी रुपयांच्या घराला हा कर वर्षाला आठशे रुपये पडेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये आणखी एक कायदा झाला. ग्रिंडाविकच्या रहिवाशांची घरे विमामूल्याच्या ९५ टक्के किमतीत विकत घेण्याची तयारी सरकारने दाखवली आणि बहुतेकांनी ती स्वीकारली. पाच टक्के घरमालकाने सोसायचे, बाकीचे देशाने. जोखमीची इतकी स्वच्छ वाटणी मी माझ्या नोकरीच्या काळात क्वचित पाहिली.

अर्थात सगळे आलबेल झाले असे नाही. व्यापारी मालमत्ता या खरेदीत नव्हत्या. मुले निरनिराळ्या शाळांत विखुरली, पिढ्यान् पिढ्यांचे शेजार तुटले. घराचे पैसे मिळाले, गाव मिळाले नाही. पैशाने भरून न येणारा हा भाग कोणत्याच विमापत्रात बसत नाही आणि तो अखेर गावकऱ्यांच्याच वाट्याला येतो.

कागद कोणाला वाचवतो?

दुसऱ्या बाजूला न्यूझीलंडमधल्या व्हाकारी बेटाचे उदाहरण आहे. समुद्रातून डोके वर काढलेला हा जिवंत ज्वालामुखी पाहायला वाटाड्यांसह सफरी जात असत. १८ नोव्हेंबर २०१९ रोजी शास्त्रज्ञांनी धोक्याची पातळी एकवरून दोनवर नेली. सफरी चालूच राहिल्या. ९ डिसेंबरला उद्रेक झाला तेव्हा बेटावर ४७ माणसे होती. त्यांतली २२ दगावली आणि वाचलेल्यांपैकी बरेच जण भयंकर भाजले. मृतांत पाहुणे होते तसे वाटाडेही होते. पुढे खटले झाले. बेटाची मालकी असलेल्या कंपनीला २०२३ साली दोषी ठरवण्यात आले; २०२५ साली वरच्या न्यायालयाने तो निर्णय फिरवला. जमीन कोणाची, सफर कोणाची आणि जबाबदारी कोणाची, याचा घोळ माणसे गेल्यानंतर घालायचा नसतो. तो तिकीट विकण्याआधी मिटवायचा असतो.

या सफरी बंद कराव्यात असे मला म्हणायचे नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये आइसलँडच्या तिन्ही मोठ्या बँका एका आठवड्यात कोसळल्या आणि चलन घसरले. २०१० साली एयाफ्यालायोकुलच्या राखेने युरोपची विमाने जमिनीवर बसवली आणि त्या निमित्ताने जगाला या बेटाचे नाव कळले. त्या वर्षी तिथे सुमारे पाच लाख परदेशी पाहुणे गेले होते. २०१८ साली ते तेवीस लाखांच्या घरात गेले. बँकांनी बुडवलेल्या देशाला सावरण्यात या पाहुण्यांचा मोठा हात आहे. ज्वालामुखी गाव गिळतो आणि ज्वालामुखीच पोटाला लावतो. म्हणूनच कमाई कोणाची आणि जोखीम कोणाची, हा हिशेब तिथे जागरूकपणे मांडावा लागतो.

आपला काळा दगड

हे सारे दूर देशीचे वाटेल. पण आपण महाराष्ट्रातले लोकही लाव्ह्यावरच घरे बांधून राहतो. सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेलेला लाव्हा. वेरूळ-अजिंठ्याची लेणी त्यातच कोरली गेली, रायगड त्यावरच उभा आहे. आपला ज्वालामुखी थंड झाला, म्हणजे आपला डोंगर निर्धोक झाला असे मात्र नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. २७ मृतदेह सापडले. ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. इर्शाळगडाच्या वाटेवरची ही ठाकरवाडी डोंगर भटकणाऱ्या अनेकांच्या परिचयाची होती. पाहुणे रविवारी येत आणि संध्याकाळी उतरत; डोंगराखाली झोपायचे ते वाडीने. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते, असे सरकारनेच सांगितले. मृतांच्या वारसांना पाच लाखांची मदत जाहीर झाली, वाचलेल्यांना घरे देण्यात आली. ते योग्यच झाले. पण मदत आणि विमा यांत एक मूलभूत फरक आहे. मदत द्यायची की नाही, हे देणाऱ्याच्या मर्जीवर असते. विम्यावर हक्क असतो. ग्रिंडाविकच्या कोळ्याला जे हक्काने मिळाले, ते आपल्या ठाकराला दयेने मिळते.

आपल्याकडे थंड हवेच्या ठिकाणी क्वाड बाइकची बंदिस्त मैदाने आता सर्रास दिसतात. मैदानाचे कुंपण ओलांडून ही चाके उद्या पठारांवर यायला वेळ लागणार नाही. कासच्या पठारावरची फुले दगडावरच्या बोटभर मातीत उगवतात. कोकणातल्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पे उघड्यावर आहेत. शेवाळाला निदान काही दशकांनी भरून येण्याची सोय आहे, कातळशिल्पाला तीही नाही.

तेव्हा परवाना देणाऱ्यांनी आधी तीन गोष्टी मागाव्यात. वाट आखलेली असावी आणि ती सोडणाऱ्याला दंड व्हावा. डोंगर मोजणारे कोणी नेमलेले असावे आणि त्यांनी धोक्याचा इशारा दिला की त्या दिवशीची तिकीटविक्री बंद व्हावी. आणि प्रत्येक तिकिटातला ठरावीक वाटा डोंगराखालच्या वस्तीच्या विम्यात जमा व्हावा. रविवारी चार घटका मौज करून परतणाऱ्या पाहुण्याला ही रक्कम जड जाणार नाही. वस्तीच्या दृष्टीने मात्र ती पावसाळ्याआधी भरलेली असणे महत्त्वाचे, कारण दरड कोसळल्यानंतर कोणतीही विमा कंपनी हप्ता घेत नाही.