फाइल आपली, किल्ली कोणाची?

नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षे संगणकावर जुळवलेला मराठी मजकूर आज उघडला, तर पडद्यावर अनेकदा मराठी दिसतच नाही. रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग दिसते. फाइल बिघडलेली नसते. त्या काळच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर देवनागरीचे आकार बसवलेले असत आणि प्रत्येक उत्पादक ते आपापल्या पद्धतीने बसवी. तो विशिष्ट फॉन्ट नसेल तर मजकूर मुका. दिवाळी अंक, स्मरणिका, प्रबंध असे कितीतरी लेखन नीट नावे दिलेल्या फोल्डरांत आणि सीडींवर जपून ठेवूनही अशा रीतीने अडकून पडले. जपणाऱ्यांची शिस्त कमी पडली नव्हती. ज्या स्वरूपात मजकूर ठेवला, ते एकाच उत्पादनाला बांधलेले होते. म्हणून आपल्या डिजिटल कागदपत्रांची व्यवस्था लावताना ‘कुठे ठेवू’ यापेक्षा ‘कशात ठेवू’ हा प्रश्न आधी विचारायला हवा.

प्रोग्रामरांच्या जगाने हा धडा ठेच लागूनच घेतला. लिनक्स या खुल्या संगणकप्रणालीच्या गाभ्यावर जगभरचे लोक एकत्र काम करतात. त्यातील बदलांची नोंद ठेवण्यासाठी २००२ पासून ‘बिटकीपर’ ही एका कंपनीची खासगी प्रणाली वापरली जात होती. फुकट वापराची सवलत होती, म्हणून काम सुरळीत चालले. २००५ मध्ये कंपनीने ती सवलत काढून घेतली आणि लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना एप्रिलमध्ये स्वतःच नवी प्रणाली लिहायला बसावे लागले. तीच ‘गिट’. तिच्यात प्रकल्पाचा पूर्ण इतिहास साधारणपणे प्रत्येक सहभागी व्यक्तीच्या संगणकावर असतो. मधला सर्व्हर बंद पडला, तरी कोणाच्याही प्रतीवरून काम पुन्हा उभे राहू शकते. शिवाय प्रत्येक बदलासोबत तो का केला, हे दोन ओळींत लिहिण्याची रीत या समुदायात रुजली. घरच्या जमाखर्चाला किंवा संस्थेच्या इतिवृत्ताला गिटची गरज नाही. पण प्रत आपल्याकडे असावी आणि बदलाचे कारण लिहिलेले असावे, ही दोन्ही पथ्ये तिथेही तितकीच उपयोगी आहेत.

यावर पहिला आक्षेप असा, की सामान्य माणसाला या उठाठेवीची गरज काय? मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर घरच्या हार्ड डिस्कपेक्षा नक्कीच सुरक्षित असतात. हे खरे आहे आणि क्लाउड वापरू नये, असे म्हणणे शहाणपणाचे नाही. मात्र डेटा सुरक्षित राहणे आणि सेवा चालू राहणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गूगलने १ जुलै २०१३ रोजी संकेतस्थळांवरील नवे लेखन एका जागी वाचण्याची ‘रीडर’ ही सेवा बंद केली, ती सर्व्हर कोसळले म्हणून नव्हे, तर ती पुढे चालवायची नाही असे ठरले म्हणून. वाचकांनी निवडलेल्या संकेतस्थळांची यादी मात्र ओपीएमएल या खुल्या स्वरूपात बाहेर काढता येत होती. ती दुसऱ्या सेवेत टाकून अनेकांनी वाचन पुढे चालू ठेवले. सेवा गेली तरी यादी उरली, ती तिच्या खुल्या स्वरूपामुळे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: खुले सॉफ्टवेअर तरी कुठे भरवशाचे? २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी उघड झाली, तेव्हा इंटरनेटच्या फार मोठ्या भागाची सुरक्षा ज्या ‘ओपनएसएसएल’ या खुल्या सॉफ्टवेअरवर अवलंबून होती, त्याचा भार मोजक्याच लोकांवर असल्याचे जगाला कळले. २०२४ मध्ये फाइली आकुंचित करणाऱ्या ‘एक्सझेड’ या खुल्या प्रकल्पात, सुमारे दोन वर्षे मदत करून विश्वास कमावलेल्या एका टोपणनावधारी व्यक्तीने चोरवाट घुसवली. लॉगिनला अर्ध्या सेकंदाचा जादा वेळ लागतो, एवढ्या खुणेवरून आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने ती शोधली. अशा शोधाला नशिबाचीही साथ लागते, हे मान्यच करावे लागेल. तरीही त्यांना मुळापर्यंत जाता आले, कारण तपासायला कोणाची परवानगी लागत नव्हती. प्रकल्पाची दिशा पटली नाही, तर तो वेगळा काढून पुढे नेण्याची मुभाही इथे असते. ओरॅकलच्या हाती गेलेल्या ओपनऑफिसमधून २०१० मध्ये लिबरऑफिस असेच निघाले. ओडीएफ हे खुले स्वरूप दोन्हींना समान असल्याने लोकांचे जुने दस्तऐवज उघडत राहिले. खुलेपणामुळे संकट टळेल याची हमी नाही. संकटानंतर मार्ग उरतो, एवढी मात्र खात्री आहे.

त्यामुळे सवयी थोड्याच, पण पक्क्या हव्यात. मराठी मजकूर युनिकोडमध्येच ठेवावा, टिपणे साध्या मजकुरात, तक्ते सीएसव्हीत आणि जपायचे कागद पीडीएफ-एमध्ये. कोणतेही नवे ॲप स्वीकारण्याआधी त्यातून सगळा डेटा बाहेर काढून दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडून पाहावा. उघडला नाही, तर ते ॲप कितीही देखणे असले तरी नाकारावे. ग्रंथालये, प्रकाशक आणि विद्यापीठांनी जुन्या फॉन्टांतील मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम, ती रूपांतरे तपासू शकणारी माणसे आपल्यात आहेत तोवर हाती घ्यायला हवे. आणि ज्या खुल्या साधनांवर हे सारे चालते, ती सांभाळणाऱ्यांना पैशाची, चाचणीची किंवा भाषांतराची मदत करणे याला परोपकार समजू नये. आपल्याच दप्तराच्या देखभालीचा तो खर्च आहे.