साठ किलो आणि एक वही

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली... स्टेशनाबाहेर पडलं, की दोन-चार जिमच्या पाट्या दिसतातच. तिथं आता मुलीही हलकी डंबेल्स बाजूला ठेवून वजनाच्या लोखंडी दांड्याकडे वळतायत. मला याचं मनापासून कौतुक वाटतं. पण परवा मुलुंडमधलीच ओळखीची एक मुलगी कंबर धरून घरी आली. "काकू, तिसऱ्याच आठवड्यात सरांनी साठ किलो लावले. म्हणाले, घाबरतेस काय?"

तिला आधी डॉक्टरांकडे पाठवलं. मग विचारलं, "तुझी वही कुठाय?"

"कसली वही?"

मैत्रिणींनो, दुखण्याचं मूळ बहुतेकदा इथंच असतं. पॉवरलिफ्टिंगमध्ये तीन प्रकार: वजन खांद्यावर घेऊन बैठक, बाकावर झोपून वजन वर ढकलणं आणि जमिनीवरून उचलणं. महिलांची जागतिक स्पर्धा १९८० पासून होते आहे. नुसता दांडाच २० किलोचा, बायकांनाही तोच. त्यामुळे सुरुवातीला काही दिवस रिकामा दांडा पुरे. बैठकीत पाठ ताठ, टाचा जमिनीला, गुडघे पावलांच्या दिशेनं. हे जमलं की मगच वजन.

आता हिशेब. समजा, तुम्ही एकदाच, जेमतेम ५० किलो घेऊन बैठक मारू शकता. तर सराव ५० चा करायचा नाही. पहिल्या आठवड्यात ३५ किलो, पाच-पाच बैठकांचे पाच सेट. पुढच्या आठवड्यात साडेसदतीस, मग ४०. चौथ्या आठवड्यात मुद्दाम ३० वर उतरायचं. ही माघार नव्हे. ताकद व्यायामानंतरच्या विश्रांतीत भरते. हे सगळं तारखेसह वहीत लिहायचं.

सांगलीच्या संकेत सरगरचं उदाहरण आठवा. खेळ वेटलिफ्टिंग, म्हणजे पॉवरलिफ्टिंगचा सख्खा भाऊ. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं एकूण २४८ किलो उचलले. ऐन वेळी कोपर दुखावलं आणि सुवर्ण अवघ्या एका किलोनं हुकलं, रौप्य मिळालं. वर्षानुवर्षं घाम गाळलेल्याचा सांधा असा दगा देतो, तर तीन आठवड्यांच्या मुलीचं काय?

मग प्रशिक्षक घाई का करतात? महिन्याची फी भरणाऱ्याला महिन्यात फरक दिसायला हवा, म्हणून. आणि आपणही विचारत नाही, म्हणून.

आणखी एक. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये ॲनिमिया आढळला. तेव्हा जिमची फी भरण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. डाळी, उसळी, अंडी, दूध यांत कसर नको. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाऊन ताकद येत नाही.

तुमच्या गावातही आज ना उद्या जिम उघडेल. जा, जरूर जा. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. फक्त पहिल्या दिवशी सरांना विचारा: पुढच्या चार आठवड्यांत माझं वजन कसं वाढवणार आणि कधी कमी करणार? उत्तर मिळालं नाही, तर चप्पल घालून सरळ घरी या.

आमच्या त्या मुलीनं आता वही घेतलीय. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पहिल्या पानावर तिनं लिहिलं, 'रिकामा दांडा.'