पी. पी. नंबर आणि ओट्यावरचं दूध

(सदर : तंत्राची ओसरी)



गेल्या दिवाळीत या ओसरीवर आपण पासवर्डच्या गप्पा मारल्या होत्या. अंक वाचून मंडळातल्या एका काकूंनी मला विचारलं, "ते सगळं कळलं, पण ऑफिसच्या कॉम्प्युटरवर 'प्रॉक्सी' असं काहीतरी येतं आणि आमच्या ह्यांचा चेहरा पडतो, ते काय असतं?" पुढच्या अंकात सांगतो म्हणालो. मधल्या काळात त्याच प्रॉक्सीपायी माझाही चेहरा पडला. त्यामुळे यंदाची गोष्ट थोडी कबुलीजबाबासारखी आहे.

आधी काकूंच्या प्रश्नाचं उत्तर. ज्यांचं लहानपण ऐंशीच्या दशकात गेलं, त्यांना 'पी. पी. नंबर' आठवत असेल. चाळीत किंवा सोसायटीत एकाच घरी फोन असायचा. आपण लग्नपत्रिकेवर त्यांचा नंबर छापायचो आणि पुढे कंसात पी. पी. लिहायचो. 'पर्टिक्युलर पर्सन' या शब्दांची ती आद्याक्षरं. मामाचा फोन शेजाऱ्यांकडे यायचा. शेजारच्या वहिनी फोन उचलायच्या, "कोण पाहिजे?" विचारायच्या, "थांबा हं, बोलावते" म्हणून आपल्या दारात यायच्या, आणि आई आली की रिसीव्हर तिच्या हातात देऊन बाजूला व्हायच्या. तिथून पुढे बोलणं मामाचं आणि आईचं.

प्रॉक्सी म्हणजे त्या शेजारच्या वहिनी. मोठ्या कार्यालयात, कारखान्यात, इस्पितळात आतल्या कॉम्प्युटरांना परस्पर बाहेर फोन लावायची मुभा नसते. वेशीवर एक मशीन असतं. त्याला आधी फोन लावायचा, कोण हवं ते सांगायचं, त्याने पलीकडे जोडून दिलं की मग आपलं बोलणं सुरू करायचं. म्हणजे खऱ्या संभाषणाच्या आधी एक छोटं संभाषण. ते कसं करायचं याचे नियम ठरलेले आहेत. एका पद्धतीचं नाव सॉक्स. तिची पाचवी आवृत्ती मार्च १९९६मध्ये आरएफसी १९२८ या दस्तऐवजात नोंदली गेली आणि आजही तीच चालते. दुसरी पद्धत वेबच्या भाषेतली. तिथे 'कनेक्ट' अशी आज्ञा द्यायची. उत्तरात २०० आलं तर जोडलं गेलं, ४०७ आलं तर वहिनी आधी आपली ओळख विचारताहेत.

आता ओट्याकडे येऊ. दिवाळीचा फराळ करणारी बाई एका शेगडीवर चकल्या तळते, दुसरीवर पाक ठेवते, तिसरीवर दूध, शिवाय कुकर. ती कशासमोरही नुसती उभी राहत नाही. शिट्टी झाली की गॅस बंद, पाक एकतारी झाला की उतरव, चकली लाल झाली की काढ. जे घडेल त्याला हात लावायचा आणि लगेच पुढच्याकडे वळायचं. प्रोग्रॅम लिहायची अशीच एक रीत आहे, इव्हेंट-ड्रिव्हन. त्यात मधोमध एक फेरा सतत चालू असतो, त्याला इव्हेंट लूप म्हणतात. एकेका जोडणीसाठी वेगळा माणूस न नेमता एकटा लूप हजारो जोडण्या सांभाळतो. २००४मध्ये आलेला एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आणि २००९मध्ये आलेलं नोड ही याची नावाजलेली उदाहरणं. पायथॉन भाषेत ही सोय असिंकआयओ या नावाने २०१४मध्ये, ३.४ आवृत्तीबरोबर आली.

या रीतीची एकच अट आहे. हाताखालचं काम अडवून ठेवणारं नसावं. त्या बाईने शेजाऱ्यांकडचा फोन कानाला लावला आणि "थांबा हं" ऐकून तशीच उभी राहिली, तर दूध उतू जाणार, चकल्या करपणार. चूक फोनची, नुकसान सगळ्या ओट्याचं.

माझ्या हातून नेमकं हेच झालं.

इथे आखातातल्या औषधांच्या एका गोदामासाठी मी एक प्रोग्रॅम लिहिला होता. छत्तीस शीतकपाटं. इन्सुलिन आणि लसी २ ते ८ अंशांत राहायला हव्यात, आणि बाहेर उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे. माझा प्रोग्रॅम दर मिनिटाला प्रत्येक कपाटाचं तापमान घ्यायचा, आणि एखादं दहा मिनिटं आठच्या वर राहिलं तर बाहेरच्या सेवेमार्फत तिघांच्या मोबाइलवर एसएमएस पाठवायचा. त्याआधी रात्रपाळीचे एक वयस्क गृहस्थ दर दोन तासांनी फिरून वहीत आकडे लिहीत. केरळचे. आम्ही सगळे त्यांना चेट्टन म्हणायचो, म्हणजे मल्याळममध्ये थोरले भाऊ. प्रोग्रॅम सुरू झाला त्या दिवशी मीच त्यांना म्हणालो, "चेट्टन, आता वही बंद. कॉम्प्युटर बघतोय."

वर्षभर नीट चाललं. मग गोदामाच्या नेटवर्कचे नियम बदलले आणि बाहेर जाणारं सगळं प्रॉक्सीतून न्यायचं ठरलं. मी एक तयार लायब्ररी आणली. साध्या सॉकेटच्या जागी ती बसवली की जोडणी आपोआप प्रॉक्सीतून होते. चार ओळींचं काम. तपासलं, एसएमएस आले, घरी गेलो.

ती लायब्ररी वाईट नव्हती. एका वेळी एकच काम करणाऱ्या प्रोग्रॅमसाठी ती अगदी योग्य होती. पण प्रॉक्सीशी होणारं ते छोटं संभाषण ती एकाच दमात, कानाला फोन लावून पूर्ण करायची. प्रॉक्सी चटकन उत्तर देत होता तोवर लूप क्षणभरच थांबायचा, तो कुणाच्या लक्षात येणार? मग एका रात्री एकच्या सुमाराला तासाचा अहवाल पाठवायला प्रोग्रॅमने प्रॉक्सीला फोन लावला. प्रॉक्सीने उचलला, आणि पुढे बोललाच नाही. प्रोग्रॅम उभाच राहिला. दोनच्या पुढे एका कपाटाचा कॉम्प्रेसर बंद पडला. त्या कपाटाकडे बघायला कुणीच नव्हतं.

तुम्ही म्हणाल, वेळेची मर्यादा घातली नव्हती का? घातली होती, दोन ठिकाणी. पहिली होती प्रॉक्सीने फोन उचलण्यापुरती. तो तर उचलला गेला होता. दुसरी सगळ्या कामाला मिळून दहा सेकंदांची, आणि तिच्यावर माझा भरवसा होता. पण ते घड्याळ लूपचंच होतं. गजर ऐकून उठायचं काम ज्याचं, तोच फोनला चिकटून उभा. गजर कुणी ऐकायचा? इव्हेंट-ड्रिव्हन प्रोग्रॅममधली ही गोष्ट मी इतरांना कितीदा शिकवली असेल. लूप अडला की टाइमआउटही अडतात.

सकाळी साडेसहाला कपाट उघडलं तेव्हा आतलं सगळं कोमट होतं. माल फेकून द्यावा लागला. सुदैवाने तो कुणाच्या शरीरात गेला नाही. दुपारच्या बैठकीत पहिला प्रश्न निघाला, रात्री चेट्टन काय करत होते? ते खाली मान घालून उभे होते. वही मी बंद केली होती, हे त्यांनी सांगितलं नाही. ते मला सांगावं लागलं, आणि मी सांगितलं. त्यांची नोकरी राहिली. मला काही महिने बरंच ऐकून घ्यावं लागलं, ते रास्तच होतं.

मग मी ते छोटं संभाषण स्वतः लिहायला बसलो. आपल्यातली बरीच मुलं-मुली याच धंद्यात आहेत, म्हणून ते काय असतं ते थोडं तपशिलात सांगतो.

सॉक्समध्ये आपण आधी तीन बाइट पाठवतो : पाचवी आवृत्ती, ओळख देण्याचा एकच मार्ग, आणि तो म्हणजे ओळख नको. उत्तर दोन बाइटांचं. मग आपण सांगतो कुणाला जोडायचं आणि कुठल्या पोर्टवर. मग अंतिम उत्तर. शून्य म्हणजे जोडलं, चार म्हणजे तिथवर पोचता येत नाही, पाच म्हणजे पलीकडच्याने नकार दिला. लूपमध्ये हे लिहायचं तर या गोष्टीचे टप्पे पाडायचे : नमस्काराच्या उत्तराची वाट, निरोपाच्या उत्तराची वाट, जोडलं. प्रत्येक टप्प्यावर दोन शब्द बोलायचे, कुठे आहोत ते लिहून ठेवायचं आणि ओट्याकडे परतायचं. उत्तर आलं की लूप हाक मारतो.

इथे लोक हमखास ठेचकाळतात ते तीन ठिकाणी. एक, उत्तर अखंड येईल असं धरून चालणं. ते दहा बाइटांचं असलं तरी आधी चार आणि मग सहा असं येऊ शकतं. शिवाय ते नेहमी दहाचंच नसतं, आयपीव्हीसिक्सचा पत्ता असला तर बावीस बाइट. म्हणून आलेलं साठवत जायचं आणि पुरेसं जमलं की मगच वाचायचं. दोन, जास्तीचं टाकून देणं. वहिनी रिसीव्हर देतात त्याच क्षणी मामाचं "हॅलो" येऊन गेलेलं असू शकतं. प्रॉक्सीच्या उत्तराला चिकटून आलेले बाइट पलीकडच्याचे असतात, ते पुढच्या संभाषणाच्या हवाली करायचे. तीन, पत्ता स्वतः शोधत बसणं. नावावरून आयपी पत्ता शोधण्याचं नेहमीचं कामही अडवून ठेवणारं असतं, आणि आतल्या मशीनला बाहेरची नावं पुष्कळदा ठाऊकच नसतात. नाव तसंच प्रॉक्सीला द्यावं, तो शोधेल. कर्ल वापरणाऱ्यांनी सॉक्स५ आणि सॉक्स५एच असे दोन प्रकार पाहिले असतील. त्या 'एच'चा अर्थ इतकाच, की नाव प्रॉक्सीने शोधावं.

मर्यादा मात्र सगळ्या टप्प्यांना मिळून एकच ठेवली, पंधरा सेकंद. ती संपली की सॉकेट बंद करायचं आणि नव्याने सुरुवात. उशिरा आलेल्या उत्तराला ओळख द्यायची नाही.

आता लूप अडत नाही. तरी मी आणखी दोन गोष्टी केल्या. प्रोग्रॅम दर मिनिटाला "मी जागा आहे" अशी खूण गोदामातल्याच दुसऱ्या एका लहान यंत्राला देतो. तीन मिनिटं खूण आली नाही, तर ते यंत्र तिथल्या तिथे भोंगा वाजवतं. त्याला ना प्रॉक्सी लागतो ना इंटरनेट. जो उभा राहून अडकू शकतो, त्याच्यावर लक्ष ठेवणारा त्याच्या बाहेरचाच हवा.

दुसरी गोष्ट म्हणजे चेट्टनची वही. ती मी स्वतः नवी आणून दिली. "कॉम्प्युटर बघत नाही का आता?" त्यांनी विचारलं. म्हणालो, "बघतो. तुम्ही कॉम्प्युटरकडे बघा." ते हसले आणि पहिल्या पानावर तारीख घातली.

काकू, आता तुमच्या ह्यांचा चेहरा पुन्हा पडलेला दिसला, तर आधी चहा द्या. मग विचारा, "अडलाय तो प्रॉक्सी, की तुमचा प्रोग्रॅम त्याच्या दारात उभा राहिलाय?" निम्म्या वेळा उत्तर तिथेच सापडेल.

फराळाचं सांभाळा, दुधाकडे लक्ष असू द्या. दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा. पुढच्या वर्षी ओसरीवर भेटूच.