अंगणातले तळे आणि गावचे पाणी

लोणावळ्याच्या परिसरात वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. याचा साधा अर्थ असा की, एखाद्या बंगल्याच्या आवारात चार फूट खोलीचा तलाव बांधून तो मृगाच्या आधी कोरडा ठेवला, तर केवळ आकाशातून थेट पडणाऱ्या पाण्याने तो पावसाळा सरेपर्यंत तीन वेळा काठोकाठ भरावा. असे असूनही चैत्र-वैशाखात याच मावळातील वाड्यावस्त्यांवर हंड्यांच्या रांगा लागतात, आणि त्याच दिवसांत पाण्याचे टँकर बंगल्यांची फाटके ओलांडून आत जाताना दिसतात. त्या टँकरांतील पाणी स्वयंपाकासाठी नसते, बागेसाठीही नसते. निळ्या फरश्या बसविलेला जलतरण तलाव भरण्यासाठी ते आणलेले असते. या विसंगतीकडे धनिकांची चैन म्हणून पाहणे सोपे आहे. परंतु प्रश्न चैनीचा असता, तर त्यावर अग्रलेखाच्या पानाची जागा खर्च करण्याचे कारण नव्हते. प्रश्न जबाबदारीचा आहे.

२००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि मावळ दोन्ही शहरांच्या अंगणात आला. पूर्वी लोणावळा-खंडाळ्यास हवा पालटण्यासाठी जाणारी मंडळी विहीर, व्हरांडा आणि डोंगरावरचे धुके यांवर संतुष्ट असत. आता तलाव नसलेल्या बंगल्याला शनिवार-रविवारचे भाडेकरू मिळणे अवघड झाले आहे. हे भाडेकरू केवळ श्रीमंत आहेत असेही नव्हे. शाळेतील चार सहकारी, बँकेतील पाच कारकून आपापली कुटुंबे घेऊन, वर्गणी काढून असा बंगला दोन दिवसांसाठी घेतात. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे मेळे परीक्षा संपताच तेथे पोहोचतात. त्यामुळे बंगल्यातील तलावाची देखभाल कशी होते, हा प्रश्न मालकाच्या खाजगी कक्षेत राहिलेला नाही. तो तलावात उतरणाऱ्या प्रत्येकाचा आहे, आणि तलावासाठी ज्यांचे पाणी कमी होते त्यांचाही आहे.

दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सव्वा मीटरच्या आसपास खोल अशा मध्यम तलावात सुमारे साठ हजार लिटर पाणी मावते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण ठरविले आहे. म्हणजे एका तलावात अकराशे वस्तीच्या गावाचे एका दिवसाचे पाणी साठते. तलाव एकदाच भरावयाचा असता, तर हा हिशेब फारसा बोचला नसता. परंतु कोरड्या दिवसांत उघड्या पाण्याची दररोज सुमारे पाच मिलिमीटर वाफ होते असे धरले, तर ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत तलावाचे एकवार पूर्ण पाणी हवेत जाते. गाळणी धुण्यात जाणारे पाणी आणि भेगांतून झिरपणारे पाणी वेगळेच.

याहून मोठी नासाडी मात्र वाफेने होत नाही, आळसाने होते. साचलेल्या पाण्याचा धर्म सडण्याचा आहे. ऊन, उडून आलेली माती, झाडांची पाने, पोहणाऱ्यांचा घाम आणि अंगाला चोपडलेली तेले यांवर शेवाळ पोसले जाते. ते रोखण्यासाठी पंपाने तलावातील सर्व पाणी सहा ते आठ तासांत एकदा वाळूच्या गाळणीतून फिरवावे लागते, क्लोरीनची मात्रा राखावी लागते, आणि पाण्याचा सामू ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान ठेवावा लागतो. सामू चढला की घातलेला क्लोरीन असून नसल्यासारखा होतो. हे काम रोजचे आहे. देवघरातील दिव्याप्रमाणे ते चुकवून चालत नाही.

प्रत्यक्षात काय घडते? मालक मुंबईस असतो. विजेचे देयक वाचावे म्हणून सोमवार ते गुरुवार पंप बंद ठेवला जातो. दुपारचे ऊन पाण्यातील उघडा क्लोरीन काही तासांत नष्ट करते. शुक्रवारी पाणी हिरवट दिसू लागते, शनिवारी पाहुणे येणार असतात. मग दुप्पट-तिप्पट औषध ओतले जाते. डोळे चुरचुरले आणि उग्र वास आला म्हणजे पाणी चांगले शुद्ध झाले, अशी पाहुण्यांची समजूत असते. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. तो वास मुख्यत: घाम व मूत्र यांच्याशी संयोग पावलेल्या क्लोरीनचा असतो, आणि मोकळा, कार्यक्षम क्लोरीन अपुरा पडल्याची ती खूण असते. सोयीसाठी वापरल्या जाणाऱ्या गोळ्यांतील स्थिरक द्रव्य पाण्यात साठत जाते आणि कालांतराने क्लोरीनलाच मंद करते. यंत्रसामग्रीचीही तीच गत. पानांनी जाळी तुंबते, पंप कोरडा फिरतो आणि त्याचे सील जाते. घाटातील विजेच्या लपंडावात मोटार जळते. गाळणीतील वाळू वर्षानुवर्षे बदललेली नसते. अखेरीस दुरुस्ती करणारा माणूस पुण्याहून येईपर्यंत थांबण्याऐवजी एक सोपा मार्ग पत्करला जातो. तलाव रिकामा करून टाकायचा आणि सहा टँकर मागवायचे.

सगळ्या अनर्थाचे मूळ येथे आहे. देखभालीतील आळसाची किंमत पैशाने चुकती होते असे मालकास वाटते. ती खरे तर पाण्याने चुकती होते, आणि ते पाणी मालकाचे नसते. टँकर ज्या विहिरीवर किंवा विंधनविहिरीवर भरतो, तिच्या शेजारच्या विहिरीत त्याचा परिणाम दिसतो. बोअर आमचे, तेव्हा पाणीही आमचे, हा युक्तिवाद कुंपणाच्या भिंतीला मान्य असेल, जमिनीच्या पोटातील पाण्याला नाही. मावळच्या काळ्या कातळात पाणी मावते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. चढ तीव्र असल्याने पावसाचे बहुतेक पाणी वाहून जाते, आणि उरलेल्या थोड्या साठ्यावर माणसे, जनावरे आणि शेती यांना आठ महिने काढावे लागतात. म्हणूनच सर्वाधिक पावसाचा हा प्रदेश वैशाखात कोरडा पडतो.

आपले पाणी दुसरीकडे जाताना पाहणे मावळच्या माणसाला नवीन नाही. लोणावळा, वळवण आणि शिरवते या तलावांचे पाणी १९१५ पासून घाट उतरून खोपोलीस वीज निर्माण करीत आले आहे, आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. पवना धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवडची तहान भागविते. हे पाणी बंद नळातून नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरनजीक आंदोलन झाले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात एका महिलेसह तीन शेतकऱ्यांचा बळी गेला. उद्योग आणि महानगरे यांच्यासाठी पाणी जावे की नाही, यावर दोन मते असू शकतात. त्या वापरामागे निदान सार्वजनिक गरजेचा आधार होता. हिरवे झालेले साठ हजार लिटर पाणी ओढ्यात सोडून पुन्हा तितकेच आणण्यामागे कोणता आधार आहे? शिवाय ते सोडलेले पाणी कोठे जाते? क्लोरीन अल्प प्रमाणातही मासे व जलचरांना घातक असतो. येथले ओढे इंद्रायणीला आणि पवनेला मिळतात. लोणावळ्याजवळ कुरवंडे येथे उगम पावणारी इंद्रायणी पुढे देहू-आळंदीस जाते, हे भाविकांना सांगावयास नको.

या व्यवहारातील सर्वात दुबळा दुवा म्हणजे बंगल्याचा राखणदार. ज्या कुटुंबाने जमीन विकली, त्यातलाच एखादा मुलगा त्या जमिनीवरच्या बंगल्यावर कामास असणे मावळात दुर्मिळ नाही. फाटक उघडणे, बाग शिंपणे, पाहुण्यांना जेवण पुरविणे आणि तलाव सांभाळणे ही सारी कामे त्याच्याकडे असतात. यांतील शेवटचे काम रसायनांचे आहे, हे त्याला सहसा कोणी शिकविलेले नसते. विरंजक द्रव आणि अ‍ॅसिड एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. दोन निरनिराळ्या प्रकारची क्लोरीनयुक्त चूर्णे एका डब्यात मिसळली तर पेट घेऊ शकतात. ही माहिती नसलेला माणूस हातमोज्यांशिवाय, बंद पंपघरात, एकाच बादलीत सारे कालवतो. तलाव भर पावसात रिकामा केला, तर भोवतालच्या भूजलाच्या दाबाने त्याचा तळ उचलला जाऊन तडे जातात, हेही त्याला कोणी सांगितलेले नसते. नुकसान झाल्यावर दोष मात्र त्याच्या माथी येतो.

आणि सर्वात वर माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. जुलै २०२२ मध्ये लोणावळ्यातील एका बंगल्याच्या तलावात दोन वर्षांच्या बालकाचा बुडून मृत्यू झाला. मूल बुडते ते ओरडत नाही. मोठ्यांचे लक्ष मिनिटभर हलते तेवढ्यात सारे संपते. पूर्वीच्या पिढ्या विहिरीत पोहायला शिकल्या, तेव्हा पाठीला भोपळा असे आणि काठावर जाणते माणूस असे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरील टिळक तलावासारख्या सार्वजनिक ठिकाणी शिक्षक असतात, वेळा असतात, नियम असतात. भाड्याच्या बंगल्यात यांपैकी काहीच नसते. असते ते कुंपण नसलेले पाणी, आणि रात्री त्यात तेवणारे दिवे, ज्यांचे अर्थिंग कधी तपासले होते हे कोणी सांगू शकत नाही.

इतरत्र या प्रश्नाकडे अधिक गांभीर्याने पाहिले गेले आहे. फ्रान्सने २००३ मध्ये कायदा करून खाजगी तलावांना कठडा, आच्छादन किंवा धोक्याची घंटा यांसारखे सुरक्षेचे साधन सक्तीचे केले. दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन शहरावर २०१८ मध्ये जलसंकट ओढवले, तेव्हा माणशी दररोज पन्नास लिटरची मर्यादा आली आणि नगराच्या पाण्याने खाजगी तलाव भरण्यास बंदी झाली. आपल्याकडे बंगळूर शहरात मार्च २०२४ मध्ये पिण्यायोग्य पाणी जलतरण तलावांसाठी वापरण्यावर पाणीपुरवठा मंडळाने निर्बंध घातला. संकट दारात आल्यावर नियम करण्याऐवजी मावळाने ते आधी करावेत, इतकीच अपेक्षा आहे.

ही अपेक्षा अवास्तव नाही. दीडशे चौरस मीटरच्या छपरावर लोणावळ्याचा एका वर्षाचा पाऊस सुमारे सहा लाख लिटर पाणी टाकतो. त्याचा दहावा हिस्सा भूमिगत टाकीत साठविला, तरी आठ महिन्यांची घट भरून निघते. तलावावर आच्छादन ठेवले, तर निम्म्या टाकीतही भागू शकते. तेव्हा तलाव बांधण्याची परवानगी पर्जन्यजलाच्या अशा साठ्याशी निगडित करावी. एप्रिल-मे महिन्यांत टँकरने तलाव भरण्यास मनाई असावी, आणि इतर वेळी बंगल्यावर येणाऱ्या टँकरची नोंद ग्रामपंचायतीत व्हावी. तलावाभोवती कठडा व त्यास कुलूपबंद दार हवेच. पाणी सोडण्यापूर्वी ते काही दिवस क्लोरीन न घालता उन्हात ठेवावे आणि ओढ्याऐवजी बागेत मुरवावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून तलावरक्षकाचा एक छोटा अभ्यासक्रम सुरू झाला, तर मावळातल्या तरुणांना प्रतिष्ठेचा धंदा मिळेल आणि मालकांना जाणता माणूस. हे सारे खर्चिक आहे, अशी तक्रार होईल. परंतु ज्याला ही देखभाल परवडत नाही, त्याला तलावही परवडत नाही, हे स्पष्टपणे सांगण्याची वेळ आली आहे. आणि जो वर्गणी काढून दोन दिवसांसाठी बंगला घेतो, त्यानेही भाडे विचारताना पाणी कोठून येते, तलावाला कठडा आहे काय, गाळणी रोज चालते काय, हे तीन प्रश्न विचारण्यास संकोच करू नये. गिऱ्हाइकाच्या प्रश्नाइतका प्रभावी निरीक्षक कोणत्याही खात्यात नेमता येत नाही.

याच मावळात भाजे येथील लेण्यांत कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. त्यांपैकी एकावरील ब्राह्मी लेखात कोसिकीपुत्र विण्हुदत्त नावाच्या महारठीने ते टाके दान दिल्याची नोंद आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या सरदाराजवळही संपत्ती होती, आणि त्यालाही पाणी साठवावेसे वाटले. त्याने पावसाचे पाणी पावसाळ्यातच अडविले, आणि ते पिणाऱ्यांसाठी मोकळे ठेवले. आज अंगणात तळे बांधणाऱ्याने दान करावे, असे कोणी म्हणत नाही. आपले तळे आपल्या छपरावरच्या पाण्याने भरावे आणि गावची विहीर गावाला ठेवावी, एवढे केले तरी पुरे.