फी भरली, पण खोलीचे काय?

संपादक महोदय,



थलसेनेतील अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले. चार वर्षांचा हिशेब धरला तर २०२६ सरता सरता या मुलांची सेवा संपू लागते. त्यांतले जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे कायम होणार आणि उरलेले ऐन पंचविशीत घरी परतणार. त्यांच्या पदवीची सोय सरकारने आधीच करून ठेवली आहे, हे मान्य करायला हवे. इग्नूच्या त्या पदवीत निम्मे श्रेयांक सेवेतल्या कौशल्य प्रशिक्षणाचे आणि निम्मे अभ्यासक्रमाचे धरले जातात. पण ही पदवी पूर्ण करताना राहायचे कुठे आणि भाडे कशातून भरायचे, याचा विचार मला कुठल्याच योजनेत दिसत नाही. माझी मागणी सरळ आहे. ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने शिकणाऱ्या माजी सैनिकाला आणि सेवेतून बाहेर पडलेल्या अग्निवीराला तो राहतो त्या शहराच्या दराने घरभाड्याचा आधार मिळाला पाहिजे.

मी बेंगळुरूत सर्जापूर रोडवर राहतो. इब्लूरपासून दोड्डकन्नेल्ली आणि पुढे दोम्मसंद्रापर्यंत इथे सोसायट्यांची रांग लागली आहे, आणि त्यांच्या फाटकांवर अनेक निवृत्त फौजी दिसतात. आमच्या फाटकावरचे सुपरवायझर चंदगड तालुक्यातले. मराठा लाइट इन्फंट्रीतून पेन्शनीवर आलेले, म्हणून सगळे त्यांना हवालदारसाहेब म्हणतात. वय चाळिशीच्या आत, आणि सध्या बी.कॉम.चा अभ्यास चालू. रात्रपाळीत गाड्यांची वर्दळ थांबली की व्हिजिटर रजिस्टरला मोबाइल टेकवून ते व्याख्यान लावतात. इयरफोन एकाच कानात. दुसरा कान हॉर्नसाठी मोकळा ठेवावा लागतो. एकाच वहीत एका बाजूला जमा-खर्चाची टिपणे आणि दुसऱ्या बाजूला पाण्याच्या टँकरच्या फेऱ्या. सकाळी खोलीवर जावे तर तिथे तिघांत दोन खाटा. दिवसपाळीचा माणूस उठून गेला की त्यांना पाठ टेकायला मिळते. टेबल-खुर्चीचा तर प्रश्नच नाही. “फी परवडते साहेब, बसायला जागा परवडत नाही,” असे ते म्हणतात.

दुसरी खोली बघावी तर ‘अॅडव्हान्स’ आडवा येतो. बेंगळुरूत घरमालक कित्येक महिन्यांचे भाडे एकरकमी अनामत म्हणून मागतात. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा घातली आहे खरी, पण तो राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे. घरमालकापुढे त्याचे नाव काढले तर तो दुसरा भाडेकरू शोधतो.

आता सध्याच्या योजना पाहू. सेवेच्या अखेरच्या काळात डीजीआर म्हणजे पुनर्वसन महासंचालनालय जवानांना अभ्यासक्रम देते आणि जवानांची सगळी फी भरते. त्या वेळी पगार चालू असतो, डोक्यावर छप्पर असते. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावे लागते आणि नेमका तेव्हाच हा आधार तुटतो. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेत मुलींना दरमहा ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये मिळतात, पण ते माजी सैनिकांच्या पाल्यांना व विधवांना. केंद्रीय सैनिक मंडळाचे शिक्षण अनुदान नोव्हेंबर २०२५ पासून महिना १,००० वरून २,००० रुपये झाले, तेही मुलांसाठी आणि विधवांसाठी. यातला एकही रुपया कमी करा असे मी म्हणत नाही. पण माजी सैनिक म्हणजे फक्त विद्यार्थ्याचा बाप, तो स्वतः विद्यार्थी असूच शकत नाही, हे गृहीत कुणी धरले? आपला जवान पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतो. पुढे वीस-पंचवीस वर्षे त्याला काम करायचे असते.

अग्निवीराची अवस्था याहून अवघड. त्याला पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही, त्यामुळे सैनिक मंडळाच्या योजनांचे दार त्याला बंद. व्याजासह सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी हातात येतो. तो भांडवल म्हणून दिला आहे. शहरातल्या खोलीभाड्यात तो विरघळू लागला तर धंदा उभा राहणार कशावर?

“ऑनलाइनच शिकायचे तर गावी राहून शिका की,” असा सल्ला आमच्या सोसायटीतही मी ऐकला आहे. गावी घर आहे, हे खरे. महाराष्ट्र सरकारने २०२० मध्ये माजी सैनिकांना ग्रामपंचायतीची घरपट्टी माफ केली, तीही चांगली गोष्ट. पण पगार सर्जापूर रोडवर मिळतो, चंदगडला नाही. ऑनलाइन शिक्षण निघाले तेच मुळी काम सोडता न येणाऱ्यांसाठी. त्यांना काम सोडून गावी जा म्हणणे म्हणजे शिक्षण सोड म्हणण्यासारखेच. दुसरा आक्षेप असा की पेन्शन आहे ना! केंद्राची किमान पेन्शन महिना ९,००० रुपये आहे. हवालदारसाहेबांना त्याहून जास्त मिळते, पण त्यात गावचा संसार, मुलांच्या शाळा आणि इथली खोली एकदम बसत नाही.

अमेरिकेत हा वाद आधीच होऊन गेला आहे. तिथे १९४४ च्या जीआय बिलाने परतलेल्या सैनिकांना कॉलेजची दारे उघडली. २००९ मध्ये लागू झालेल्या नव्या कायद्याने फीच्या जोडीला घरभत्ता दिला, पण फक्त ऑनलाइन शिकणाऱ्याला तो नव्हता. २०११ पासून त्याला देशाच्या सरासरी दराच्या निम्मा भत्ता मिळू लागला. एखादा विषय प्रत्यक्ष वर्गात बसून घेतला, तर मात्र कॉलेजच्या ठिकाणच्या दराने हिशेब होतो. साहजिकच भत्त्यापुरता एक वर्ग पकडण्याकडे कल जातो. मार्च २०२० मध्ये करोनामुळे वर्ग बंद पडून सगळेच ऑनलाइन झाले, तेव्हा भत्ता कापला जाऊ नये म्हणून घाईने कायदा करावा लागला. वर्ग कुठेही भरो, घरमालक भाडे पूर्णच घेतो. आपण योजना आखताना निम्म्या भत्त्याची ती चूक करू नये. आपल्या यूजीसीने तर सप्टेंबर २०२२ मध्येच स्पष्ट केले आहे की मान्यताप्राप्त ऑनलाइन व दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या तोडीची. पदवी तोडीची मानायची आणि ती घेणाऱ्याला विद्यार्थी मानायचे नाही, हे कसे?

आणि यासाठी अमेरिकेकडे बघायचीही गरज नाही. राहायची सोय नसेल तर शिक्षण खुंटते, हे कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले तेव्हाच ओळखले होते. आजच्या महाराष्ट्रात डॉ. आंबेडकर स्वाधार योजना आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला निवास-भोजनासाठी मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत रक्कम थेट खात्यात मिळते, आणि लहान गावांत दर त्याहून कमी. म्हणजे वसतिगृह बांधत न बसता भाड्याला हात देण्याची रीत आपल्याकडे रुळलेली आहे. महिन्याला ५ हजार धरले, तर तीन वर्षांच्या पदवीला माणशी १ लाख ८० हजार रुपये लागतील.

गैरवापराची भीती असेल तर पैसे नावनोंदणीवर देऊच नयेत. श्रेयांकांची नोंद ठेवणारी ‘अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ २०२१ पासून आहे. सत्राचे ठरलेले श्रेयांक जमा झाले की पुढच्या सत्राचा भत्ता सुरू, नाही तर थांबला. शहरांची वर्गवारीही नव्याने करायला नको. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या घरभाडे भत्त्यासाठी एक्स, वाय, झेड अशी यादी आहे, त्यात बेंगळुरू आणि पुणे दोन्ही वरच्या वर्गात बसतात. मात्र हा खर्च राज्यांवर ढकलू नये. चंदगडचा माणूस बेंगळुरूत राहतो, त्याची नोंद कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात असते. महाराष्ट्राने द्यायचे की कर्नाटकाने, या पत्रव्यवहारातच त्याची पदवी संपून जाईल. केंद्रीय सैनिक मंडळाने ही योजना हाती घ्यावी, आणि अग्निवीराला माजी सैनिकाचा दर्जा द्यायचा की नाही हा वाद मिटेपर्यंत निदान या एका योजनेपुरते त्याला पात्र धरावे.

त्यासाठी नवे खाते काढायला नको की नवी इमारत बांधायला नको. शिक्षण अनुदानाच्या अर्जात लाभार्थी म्हणून पाल्य आणि विधवा आहेतच. तिथे ‘स्वतः सैनिक’ हा तिसरा पर्याय वाढवावा आणि सोबत भाडेकराराची प्रत मागावी. आपल्या दैनिकाने हा प्रश्न खासदारांपुढे लावून धरावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक
सर्जापूर रोड, बेंगळुरू