निकाल लागले, गुन्हेगार कुठे आहेत?

देशात कुठेही बॉम्बस्फोट झाला की दुसऱ्या दिवशी मुरुमच्या बसस्थानकावर चहा पिताना कोणीतरी मला विचारतोच, "मग, तुमचं काय म्हणणं?" विचारणारा ओळखीचाच असतो, पण सूर वेगळा असतो. मी निषेध करतो, मनापासून करतो. २६/११ नंतर मुंबईच्या बडा कब्रस्तानच्या विश्वस्तांनी नऊ मारेकऱ्यांना दफनासाठी जागा नाकारली, ते मला योग्यच वाटलं. आता माझाही एक प्रश्न आहे.

११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकल गाड्यांत सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसं गेली. १९ वर्षांनी, २१ जुलै २०२५ ला, उच्च न्यायालयाने सर्व १२ जणांना निर्दोष सोडलं. पुढच्या दहा दिवसांत २००८ च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी सुटले. तिथे सहा जीव गेले होते. पहिल्या निकालाने काही सुखावले, दुसऱ्याने दुसरे. पहिल्याविरुद्ध राज्य सरकार लगोलग सर्वोच्च न्यायालयात धावलं. दुसऱ्याविरुद्ध मृतांचे नातेवाईक स्वतः उच्च न्यायालयात गेले. मेलेल्याच्या रक्ताची किंमत आरोपीच्या नावावरून ठरते काय?

कायदा कडक करा, असं म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं: लोकलच्या खटल्यात मकोका होताच. त्यात पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाबही पुरावा ठरतो. तेच कबुलीजबाब उच्च न्यायालयात टिकले नाहीत.

याउलट कसाबचा खटला बघा. त्याला वकील मिळाला, साक्षी झाल्या, अपिलं झाली आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. पुरावा होता म्हणून निकाल टिकला. नॉर्वेत २०११ मध्ये एका माणसाने ७७ जणांना मारलं; त्या देशाने नेहमीच्याच न्यायालयात त्याला शिक्षा दिली. अमेरिकेने मात्र ९/११ नंतर इराकवर फौजा घातल्या आणि ज्या संहारक शस्त्रांचं कारण दिलं, ती सापडलीच नाहीत.

चुकीचा माणूस धरला की खरा मारेकरी मोकळा राहतो. तो आजही कुठेतरी लोकलमध्ये बसत असेल, तुमच्या-माझ्या शेजारी. म्हणून तुरुंगात वर्षं घालवून सुटलेल्यांना भरपाई द्या, फसलेल्या तपासाची जबाबदारी ठरवा आणि दोन्ही स्फोटांचे गुन्हेगार शोधा. पुढच्या वेळी चहावर कोणी विचारलं, तर माझं म्हणणं हेच असेल.