बोरचे अरण्य आणि हिशेबाबाहेरचे पक्षी

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात, हिंगणीच्या पलीकडे, बोर धरणाला वेढून असलेले सागाचे अरण्य १९७० साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. २०१४ साली त्यास व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा लाभला. अवघ्या १३८ चौरस किलोमीटरचा हा प्रकल्प तेव्हा देशातील सर्वांत लहान ठरला होता. दर्जाबरोबर निधी आला, सफारीच्या गाड्या आल्या. हे सारे वाघाच्या नावावर झाले आणि ते योग्यच झाले. वाघ राखला की त्याच्या छायेत इतर जीवसृष्टी आपोआप राखली जाते, असे मात्र यासोबत गृहीत धरले जाते. पक्ष्यांच्या बाबतीत हे गृहीतक अर्धेच खरे आहे.

रानपिंगळ्याचे उदाहरण बोलके आहे. १८८४ नंतर हा पक्षी कोणाच्या खात्रीलायक दृष्टीस पडला नव्हता. तो नामशेष झाला असे अभ्यासकांनी मानले होते. १९९७ साली नंदुरबारकडील शहाद्याच्या जंगलात तो पुन्हा सापडला आणि पुढे मेळघाटातही आढळला. त्यास हवे असते सागाचे विरळ रान आणि घरट्यासाठी जुन्या झाडाची ढोली. लाकडाच्या हिशेबात पोकळ झाडाची किंमत शून्य असते. ते तोडल्याने कोणाच्याही खतावणीत तूट दिसत नाही.

गिधाडांची कथा याहून कठोर आहे. विदर्भाच्या गावोगावी मेलेल्या जनावरावर उतरणारी गिधाडे पंचवीस-तीस वर्षांत दिसेनाशी झाली. कारण जंगलात नव्हते, गोठ्यात होते. जनावरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक मृत देहातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, पण तोवर काही जातींची संख्या शेकडा पंचाण्णवाहून अधिक घटली होती. कोणत्याही अभयारण्याची सीमा येथे कामास येणे शक्य नव्हते. फुकट सफाई करणारा हा पक्षी गेल्यावर त्याची किंमत काय होती, हे अर्थशास्त्रज्ञांनी मोजले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रँक व सुदर्शन यांच्या संशोधनानुसार, २००० ते २००५ या काळात गिधाडांच्या ऱ्हासामुळे भारतात सुमारे पाच लाख अधिक माणसे दगावली. राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोणत्या रकान्यात गिधाडाची नोंद होती?

मग केवळ क्षेत्र वाढवून प्रश्न सुटेल काय? नान्नजचा अनुभव तसे सांगत नाही. १९७९ साली सोलापूर आणि तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांतील ८,४९६ चौरस किलोमीटर प्रदेश माळढोकासाठी राखीव झाला. त्यात शेते आली, गावेही आली. जमिनीचे व्यवहार अडले, लोक त्रासले आणि अखेर ते क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत खाली आणावे लागले. माळढोक मात्र महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला. नकाशावर रेघ ओढणे स्वस्त असते. ज्याच्या शेतावरून ती रेघ जाते, त्याच्याशी व्यवहार करणे महाग. शासनाने बहुधा पहिलेच पत्करले.

बोरच्या कडेचा कास्तकार आज रानडुक्कर आणि रोही यांच्यापायी रात्रभर जागल करतो. कपाशी व तूर उद्ध्वस्त झाली की अर्ज, पंचनामा आणि प्रतीक्षा. अरण्याचा लाभ साऱ्या देशाचा आणि खर्च चार एकरवाल्याचा, अशी ही वाटणी आहे. त्याने कुंपणात वीज सोडली तर तो गुन्हा खराच, पण त्या गुन्ह्याला एक अर्थशास्त्र आहे. येथून जवळच, वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगांचे कार्य उभारणाऱ्या जे. सी. कुमारप्पांनी आपल्या चिरस्थायी अर्थव्यवस्थेच्या विवेचनात निसर्गाच्या साठ्यातून उचलणे आणि त्याच्या प्रवाहावर जगणे यांत भेद केला होता. वर्धेकरांना तो नव्याने शिकवण्याची गरज पडू नये.

व्याघ्र प्रकल्पांभोवतीच्या गावांसाठी राज्यात २०१५ पासून जन-वन विकास योजना आहे. तिच्यातच पक्ष्यांसाठी वेगळे शीर्ष उघडता येईल. ढोल्यांची जुनी झाडे मोजून ती राखणाऱ्या ग्रामसमितीस दरसाल ठरावीक रक्कम, गायरानातील गवत पक्ष्यांच्या विणीच्या हंगामात न कापल्याबद्दल मोबदला, आणि गोठ्यात गिधाडांना निर्धोक असलेले मेलॉक्सिकॅम स्वस्तात मिळण्याची सोय, एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो. सफारीच्या प्रवेशशुल्काचा काही अंश यासाठी राखून ठेवला तर नव्या कराचीही आवश्यकता नाही. आणि पीकनुकसानीची भरपाई पुढील पेरणीपूर्वी शेतकऱ्याच्या हाती पडावी, ही अट या साऱ्याच्या आधी यावयास हवी.